बोट कोणाचे, मत कोणाचे?

निवडणुका जवळ आल्या की एक प्रश्न हमखास विचारला जातो. विजेचे बिल मोबाईलवरून भरता येते, जमिनीचा एक-चौदाचा उतारा घरबसल्या मिळतो, बँकेतले लाख रुपये बोटाच्या टोकाने इकडचे तिकडे होतात, मग मत देण्यासाठीच तेवढे शाळेच्या व्हरांड्यात रांग लावून का उभे राहायचे? विचारणारे बहुधा तरुण असतात, आणि प्रश्न रास्त असतो. "सरकारलाच नको आहे" असे म्हणून या प्रश्नाची बोळवण करता येते, पुष्कळजण करतातही. पण मला वाटते या प्रश्नाचे खरे उत्तर जरा खोलात जाऊन शोधावे लागते, आणि ते यंत्राशी कमी आणि माणसाशी जास्त निगडित आहे.

प्रथम बँकेचीच गोष्ट घेऊ. बँकेच्या व्यवहारात दोन गोष्टी कायमच्या एकमेकींना बांधलेल्या असतात : व्यवहार कोणी केला आणि काय केला. म्हणून तर चूक झाली की ती सापडते. महिनाअखेर तुम्ही पासबुक पाहता, न काढलेले पाच हजार दिसतात, तुम्ही तक्रार करता, बँक नोंद तपासते. फसवणूक होणारच नाही असा बँकेचा दावा नसतो. झालेली फसवणूक उलगडता येते, एवढ्यावर तिचा धंदा चालतो.

मताचे तसे नाही. मत देणारा माणूस तोच आहे ना, हे अगदी काटेकोरपणे तपासायचे. आणि तपासून झाल्यावर त्याने कोणाला मत दिले हे कोणालाही, कधीही, अगदी निवडणूक आयोगालाही कळता कामा नये. म्हणजे आधी ओळखायचे आणि लगेच विसरायचे. ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढणारी आहेत. ऑनलाइन मतदानाची सगळी अडचण या ओढाताणीत आहे. नुसते ओळखायचे असते तर काम सोपे होते. नुसती गुप्तता राखायची असती तर ते त्याहून सोपे होते.

आपल्या मतदान केंद्रात ही ओढाताण कशी सोडवली आहे ते पाहण्यासारखे आहे. सरकारी नोकरीत असल्यामुळे निवडणुकीची ड्यूटी माझ्या वाट्याला अनेकदा आली. आदल्या दिवशी यंत्रे, शाई, लाख, पाकिटे मोजून घ्यायची, रात्र शाळेच्या बाकांवर काढायची, पहाटे उठून मॉक पोल घ्यायचा. कंटाळवाणे काम आहे. पण त्या कंटाळवाण्या रचनेमागची अक्कल वर्षानुवर्षे पाहून पाहून मला कळत गेली.

पहिला मतदान अधिकारी मतदाराचे ओळखपत्र पाहतो आणि यादीतला अनुक्रमांक व नाव मोठ्याने वाचतो. मोठ्याने का? तर समोर बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जावे म्हणून. हे प्रतिनिधी गावातलेच असतात. शहरी माणसाला 'तुझे नाव काय' असे विचारतात, आमच्या गावात अजूनही 'कोणागेलो रे तूं?' असे विचारतात. तू कोणाचा, कोणत्या वाड्यावरचा, कोणाचा नातू? या प्रश्नाला खोटे उत्तर देऊन गावात पाच मिनिटेसुद्धा निभाव लागत नाही. ओळखपत्रावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा असला, त्यात माणूस ओळखू येत नसला, तरी समोरच्या बाकावरचा प्रतिनिधी मान हलवतो आणि काम पुढे सरकते. संशय आला तर तो दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो. मग केंद्राध्यक्षाला तिथल्या तिथे चौकशी करून निवाडा द्यावा लागतो.

या व्यवस्थेत ओळख पटवण्याचे काम एकट्या सरकारकडे नसते. एकमेकांचे विरोधक ते काम करत असतात, आणि तेही उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. दोन विरोधी पक्षांचे प्रतिनिधी एखाद्या तोतयाला संगनमताने आत सोडतील ही शक्यता कमी. त्यानंतर दुसरा अधिकारी नोंदवहीत सही घेतो, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो. म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी ही शाई १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून आपल्या बोटांवर आहे. संगणकाच्या युगात ती कोणाला हास्यास्पद वाटेल. पण एका माणसाने एकदाच मत द्यावे यासाठी इतका स्वस्त आणि कोणालाही डोळ्यांनी दिसणारा पुरावा दुसरा नाही.

आणि मग येतो तो पुठ्ठ्याचा आडोसा. आत्तापर्यंत सगळे उघड्यावर होते, आता सगळे झाकलेले. तिसऱ्या अधिकाऱ्याने बटण दाबून मतदान युनिट मोकळे केले की त्या आडोशामागे माणूस एकटा असतो. नवरा बायकोबरोबर आत येऊ पाहतो, "तिला कळत नाही हो, मी दाखवतो" म्हणतो. त्याला थांबवणे केंद्राध्यक्षाचे काम. मुलगा म्हाताऱ्या आईचा हात धरून येतो. खरोखरच दिसत नसेल किंवा अंगात त्राण नसेल तर नियमाने सोबती नेता येतो. पण एका सोबत्याला त्या दिवशी एकाच मतदाराची सोबत करता येते. गावातल्या एखाद्या परोपकारी गृहस्थाने दहा म्हाताऱ्यांना 'मदत' करू नये, एवढाच त्या नियमाचा हेतू. नियम करणाऱ्यांना आपला समाज चांगला ठाऊक होता.

आडोशामागचे ते अर्धे मिनिट कित्येक बायकांच्या, सुनांच्या, कुळांच्या आणि नोकरांच्या आयुष्यात दुर्मीळ असते. त्या अर्ध्या मिनिटात कोणीही त्यांच्या खांद्यावरून डोकावत नाही. बाहेर आल्यावर नवऱ्याने विचारले तर काय हवे ते सांगता येते. खोटे बोलता येणे हाही इथे एक हक्कच आहे.

आता हे सगळे मोबाईलवर आणू या. दूर बसलेला माणूस कोण आहे हे ओळखण्याचे ढोबळमानाने तीनच मार्ग आहेत. त्याला काहीतरी ठाऊक आहे (पासवर्ड, पिन). त्याच्याकडे काहीतरी आहे (कार्ड, फोन). किंवा तो स्वतःच काहीतरी आहे (बोटाचा ठसा, चेहरा). उरलेले प्रकार यांच्याच भेसळीतून होतात.

पहिला मार्ग किती कच्चा आहे याचे एक उदाहरण मोठे बोलके आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहराने २०१० मध्ये परदेशातल्या मतदारांसाठी संकेतस्थळावरून मतदानाची सोय केली, आणि शहाणपणा असा दाखवला की खऱ्या निवडणुकीआधी हवे त्याने ही व्यवस्था फोडून दाखवावी असे जाहीर आव्हान दिले. मिशिगन विद्यापीठातले प्राध्यापक अॅलेक्स हाल्डरमन आणि त्यांचे विद्यार्थी दोन दिवसांच्या आत आत शिरले. त्यांनी पडलेली मते बदलली, आणि मत दिल्यानंतरच्या पानावर आपल्या विद्यापीठाचे गाणे वाजेल अशी व्यवस्था केली. गाणे वाजू लागल्यावरसुद्धा ही घुसखोरी लक्षात यायला अधिकाऱ्यांना बराच वेळ लागला. पण गाण्याची गोष्ट सगळे सांगतात, त्याहून महत्त्वाची गोष्ट मागे राहते. त्या संगणकावर त्यांना नऊशेवर पानांची एक फाईल मिळाली. खऱ्या निवडणुकीसाठी खऱ्या मतदारांना पाठवायची पत्रे तिच्यात होती, प्रत्येकाच्या मतदार क्रमांकासह आणि पिनसह. ज्याच्या हाती ती फाईल तो त्या सगळ्या मतदारांच्या नावाने मत देऊ शकला असता, आणि यंत्राच्या लेखी ती सगळी मते अस्सल ठरली असती. ती सोय त्या निवडणुकीत वापरली गेली नाही, हे सांगायला नकोच.

दुसरा मार्ग, म्हणजे आपला लाडका ओटीपी. कचेरीतल्या माणसाला ओटीपीची खरी किंमत खिडकीच्या या बाजूने कळते. खिडकीसमोर येणाऱ्या साठी ओलांडलेल्या किती माणसांच्या अर्जावर त्यांचा स्वतःचा मोबाईल क्रमांक असतो? कोणाचा भाच्याचा, कोणाचा शेजाऱ्याचा, कोणाचा फॉर्म भरून देणाऱ्या झेरॉक्सवाल्याचा. "बाबा, नंबर आला का?" असे म्हणत म्हातारी बाहेर मोटरसायकलवर बसलेल्या नातवाकडे जाते, सहा आकडे पाठ करत परत येते, आणि मध्येच एक आकडा विसरते. या व्यवहारात ओळख पटली ती नातवाच्या फोनची. म्हातारी तिथे नसती तरी काही अडले नसते. दाखल्याच्या कामात हे चालून जाते, कारण दाखला शेवटी म्हातारीलाच मिळतो. मतदानात मात्र नातूच मतदार होईल, आणि आजीला आपण मत दिल्याचे कदाचित कळणारही नाही.

तिसरा मार्ग चेहऱ्याचा. तेलंगणात राज्य निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये खम्मम जिल्ह्यात मोबाईल मतदानाची रंगीत तालीम घेतली. बिहारच्या राज्य निवडणूक आयोगाने तर २८ जून २०२५ रोजी काही नगरपालिकांच्या निवडणुकीत प्रत्यक्षच मोबाईल अॅपवरून मतदान घेतले. वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया आणि कामासाठी गाव सोडून गेलेले लोक यांच्यासाठी ही सोय होती. चेहरा जुळवून पाहण्याची व्यवस्था होती, आणि एका मोबाईल क्रमांकावरून दोनच मतदारांना प्रवेश असे बंधन होते. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. ज्यांच्यासाठी सोय केली ते खरोखर गरजू आहेत. पण त्या दोनच्या बंधनातच सगळे आले. एक फोन म्हणजे एक माणूस नव्हे, हे आयोगालाही मान्य करावे लागले. आणि चेहरा? कॅमेऱ्यासमोर कोण आहे ते कॅमेरा सांगेल. कॅमेऱ्याच्या मागे कोण उभे आहे ते तो सांगणार नाही. भाटकार उभा आहे, ठेकेदार उभा आहे, की पाचशेच्या नोटा मोजणारा कार्यकर्ता उभा आहे?

"मग एस्तोनियात कसे चालते?" हा पुढचा प्रश्न असतो, आणि तो विचारायलाच हवा. बाल्टिक समुद्राकाठचा हा देश लोकसंख्येने जवळजवळ आपल्या गोव्याएवढा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या वर होती, एस्तोनियाची तेरा लाखांच्या आसपास आहे. त्यामुळे तुलना करायला बरे पडते. २००५ च्या स्थानिक निवडणुकीत तिथे पहिल्यांदा इंटरनेटवरून मतदान झाले, तेव्हा जेमतेम नऊ हजार लोकांनी ते वापरले. २००७ मध्ये संसदेच्या निवडणुकीत ते आले. मार्च २०२३ च्या संसदीय निवडणुकीत पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते इंटरनेटवरून आली. इतके मोठे यश दुसऱ्या कोणत्याही देशाला मिळालेले नाही.

पण एस्तोनियाने सुरुवात मतदानापासून केली नाही, हे आपण विसरतो. २००२ पासून तिथे प्रत्येक नागरिकाला चिप बसवलेले ओळखपत्र देण्यास सुरुवात झाली. त्या चिपमध्ये दोन वेगळ्या डिजिटल किल्ल्या असतात. एक 'मी कोण' हे सांगण्यासाठी, दुसरी सही करण्यासाठी, आणि दोन्हींचे पिन वेगळे. मत देताना मतदार पहिल्या पिनने ओळख देतो, मत कुलूपबंद होते, आणि दुसऱ्या पिनने त्यावर सही होते. आपल्याकडच्या टपाली मतदानात जशी दोन पाकिटे असतात तशीच ही रचना : आतल्या पाकिटात मत, बाहेरच्या पाकिटावर सही. मोजणीआधी बाहेरची पाकिटे वेगळी काढतात, आतली मते पिसून मग उघडतात, आणि उघडण्याची किल्ली एकाच माणसाच्या हाती नसते. २०१३ पासून मतदाराला आपले मत बरोबर पोचले की नाही हे दुसऱ्या फोनवरून तपासताही येते. त्या कार्डावर लोक बँकेचे व्यवहार, करार, कराची विवरणपत्रे असे सगळे करतात. म्हणून ते कार्ड आणि त्याचा पिन माणूस सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देत नाही. ते देणे म्हणजे घरदार देणे.

आणि तरीही, खांद्यावरून डोकावणाऱ्या माणसाचे काय? एस्तोनियाने त्याला दिलेले उत्तर मला फार शहाणपणाचे वाटते. तिथे ऑनलाइन मत हवे तितक्या वेळा बदलता येते, शेवटचे तेवढे मोजतात. आणि मतदान केंद्रात जाऊन कागदावर मत दिले तर ऑनलाइन मत आपोआप रद्द. धाक दाखवून किंवा पैसे देऊन कोणी आपल्यासमोर मत टाकून घेतले, तर तो गेल्यावर मतदार ते बदलू शकतो. मग विकत घेणाऱ्याला विकत घेतलेल्या मालाची खात्रीच उरत नाही. २००५ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष आर्नोल्ड रूटेल यांनी या तरतुदीला हरकत घेतली होती. कागदावर मत देणाऱ्याला एकदाच संधी आणि इंटरनेटवाल्याला अनेकदा, ही विषमता आहे असे त्यांचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले, आणि मत बदलण्याची मुभा ही मतदाराच्या स्वातंत्र्यासाठीच आवश्यक आहे असे ठरवले. घरात दिलेले मत धाकाखाली दिलेले असू शकते, हे एका देशाच्या न्यायालयाने गृहीत धरले आणि त्यावर उपाय मान्य केला. आपल्याकडच्या ऑनलाइन मतदानाच्या चर्चेत हा मुद्दा मला क्वचितच आढळतो.

एस्तोनियाचे सगळे आलबेल आहे असेही नाही. २०१४ मध्ये हाल्डरमन आणि इतर तज्ज्ञांनी तिथल्या व्यवस्थेचा अभ्यास करून ती बंद करावी असा सल्ला दिला होता. सरकारने तो मानला नाही. २०१७ मध्ये चेक संशोधकांनी दाखवून दिले की ठरावीक बनावटीच्या चिपमध्ये तयार होणाऱ्या किल्ल्या कच्च्या आहेत. साडेसात लाखांच्या आसपास एस्तोनियन कार्डे त्या तडाख्यात सापडली. इशारा ऑगस्टच्या शेवटी मिळाला, ऑक्टोबरची स्थानिक निवडणूक त्याच कार्डांवर पार पडली, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या कार्डांची डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. कोणी गैरफायदा घेतल्याचे आढळले नाही. पण एका कारखान्यातली एक चूक अर्ध्याहून अधिक देशाची ओळख डळमळीत करू शकते हे तेव्हा दिसले. शाईची एक बाटली खराब निघाली तर एका केंद्रापुरता घोटाळा होतो, इथे सगळी बाटलीच एक.

नॉर्वे तर आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत आणि साक्षर देश. त्यांनी २०११ आणि २०१३ मध्ये काही नगरपालिकांत प्रयोग केले, आणि २०१४ मध्ये ते थांबवले. मतदान त्याने फारसे वाढले नाही, आणि आपले मत उघड होईल या भीतीने लोकांचा विश्वास मात्र ढळेल अशी शंका वाटू लागली. विश्वास ही चीज बँकेतल्या ठेवीसारखी आहे. साठायला वर्षे लागतात आणि एका अफवेने रांग लागते.

एवढे लांब कशाला, आपल्या मराठी माणसाच्या घरातलेच उदाहरण आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाची निवडणूक कित्येक वर्षे टपालाने होत असे. मतदार जेमतेम हजार-अकराशे, महाराष्ट्रातले आणि बृहन्महाराष्ट्रातले. सगळे वाचणारे-लिहिणारे, ओळख प्रत्येकाची पक्की, मतपत्रिका ज्याच्या त्याच्या पत्त्यावर जाणारी. तरीही कोऱ्या मतपत्रिका गोळा होतात, गठ्ठ्याने मते पडतात, अशा तक्रारी वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे छापून येत राहिल्या. शेवटी साहित्य महामंडळाने घटनाच बदलली, आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून अध्यक्ष निवडणुकीऐवजी सन्मानाने निवडण्याची पद्धत सुरू झाली. अरुणा ढेरे त्या पद्धतीच्या पहिल्या अध्यक्ष. ती पद्धत चांगली की वाईट हा वेगळा विषय. माझा मुद्दा एवढाच की या तक्रारींत तोतया कोणीच नव्हता. मतदार खरा, सही खरी, पत्ता खरा. फक्त आडोसा नव्हता. ज्या मतदाराने आपली कोरी मतपत्रिका एखाद्या मित्राच्या भिडेखातर देऊन टाकली, त्याची ओळख जगातली कोणतीही चिप तपासली असती तरी बरोबरच निघाली असती.

म्हणून 'मतदाराची ओळख कशी पटवायची' हा प्रश्न अर्धाच आहे असे मी म्हणतो. बोट कोणाचे हे कळले तरी मत कोणाचे हे कळत नाही.

आता गोव्याचे पाहू. नव्या यंत्राला गोवेकर घाबरतो असे कोणी म्हणू नये. १९९९ ची विधानसभा निवडणूक संपूर्णपणे मतदान यंत्रांवर घेणारे पहिले राज्य आपलेच, आणि २०१७ मध्ये चाळीसही मतदारसंघांत मताची चिठ्ठी दाखवणारी यंत्रे वापरली तीही पहिल्यांदा इथेच. मतदानाला जायचा कंटाळा म्हणाल तर विधानसभेला आपल्याकडे ऐंशी टक्क्यांच्या आसपास मतदान होते. तेव्हा टक्का वाढवण्यासाठी ऑनलाइन हवे, हे कारण मुंबई-पुण्याला लागू पडेल, आपल्याला नाही. उलट आपले मतदारसंघ इतके लहान की २०२२ मध्ये सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला. ७६ मते म्हणजे एका मोठ्या वाड्यावरची वीस घरे. वीस घरांतले वीस फोन ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात आमदारकी. मोठ्या मतदारसंघात किरकोळ वाटणारी गळती इथे निकाल फिरवू शकते.

तरीसुद्धा दुसरी बाजू आहे, आणि ती मला मनापासून पटते. तारवटी भाऊ जहाजावर आहे, त्याला मतदानाच्या दिवशी मुरगाव बंदरात उतरता येत नाही. आखातातला गोवेकर पाच वर्षांतून एका बटणासाठी विमानाचे तिकीट काढणार नाही. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयांना २०१० च्या कायदादुरुस्तीने मतदारयादीत नाव घालण्याचा हक्क दिला, पण मत द्यायला यायचे ते स्वतःच्या पायांनी. त्यांच्या वतीने दुसऱ्याने मत द्यावे असे विधेयक लोकसभेने २०१८ मध्ये मंजूर केले, ते राज्यसभेत न येताच लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले. गोव्याला हा प्रश्न नवा नाही. १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी मुंबईत आणि इतरत्र राहणाऱ्या गोवेकरांना मत द्यावे अशी मागणी झाली होती आणि ती मान्य झाली नव्हती. त्या कौलाबद्दल आपल्या वाचकांत आजही दोन मते असतील, आहेतच. पण बाहेर असलेला गोवेकर हा गोव्याचा मतदार आहे की नाही, हा वाद आपण साठ वर्षे मनात बाळगून आहोत.

या लोकांना उत्तर हवे. माझे उत्तर असे की घराला मतदान केंद्र करण्यापेक्षा मतदान केंद्र घरापर्यंत न्यावे. हे आपल्याकडे सुरूही झाले आहे. २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत ऐंशीच्या पुढच्या वृद्धांना आणि अपंगांना घरून मत देता आले, आणि २०२४ च्या लोकसभेला वयाची अट पंच्याऐंशी झाली. मतदान पथक घरी जाते, चित्रीकरण होते, उमेदवारांच्या प्रतिनिधींना वेळ कळवलेली असते. पथक ओळख पटवते आणि घरातल्या इतरांना बाजूला करून आजीला तिचे अर्धे मिनिट मिळवून देते. हेच तत्त्व भारतीय दूतावासांत, मोठ्या बंदरांत लावता येणार नाही का? खर्च होईल, माणसे लागतील, आमच्यासारख्यांना आणखी ड्यूट्या लागतील. लागू देत. साक्षीदार आणि आडोसा या दोन गोष्टींची किंमत म्हणून तो खर्च महाग नाही.

ऑनलाइन मतदान मुळीच नको असेही माझे म्हणणे नाही. ग्रंथालयाचे कार्यकारी मंडळ, एखाद्या सांस्कृतिक संस्थेची समिती, माजी विद्यार्थ्यांची संघटना इथे खुशाल सुरुवात करावी. तिथे सत्ता थोडी आणि चूक झाली तर निस्तरता येते. तिथेही दोन पथ्ये पाळावीत : कोणी मत दिले त्यांची यादी, मत कोणाला ते वगळून, सर्व सभासदांना पाहायला मिळावी, आणि मुदत संपेपर्यंत आपले मत बदलण्याची मुभा असावी. पहिल्या पथ्याने मेलेले आणि परदेशी गेलेले सभासद मत देऊ लागले तर ते उघडकीला येईल. दुसऱ्याने भिडेखातर दिलेले मत मागे घेता येईल.

पंचायत, विधानसभा आणि लोकसभेसाठी मात्र कोणी अॅप घेऊन आले तर मी त्याला एकच प्रश्न विचारीन. समजा एखादी बाई संध्याकाळी चार वाजता मतदान केंद्रात आली आणि तिला सांगण्यात आले की तुमच्या नावाने आधीच मत पडले आहे. आजच्या नियमात तिच्यासाठी जागा आहे. केंद्राध्यक्ष तिला प्रश्न विचारून तिची ओळख तपासतो आणि तिच्या हाती प्रदत्त मतपत्रिका देतो. ती कागदाची असते, वेगळ्या पाकिटात मोहोरबंद होते, एरवी मोजत नाहीत, पण प्रकरण न्यायालयात गेले तर पुरावा म्हणून उभी राहते. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघाचा निकाल एका मताने लागला, तेव्हा या प्रदत्त मतांचाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणजे या देशाच्या कायद्याने यंत्रणेची चूक होऊ शकते हे धरले आहे आणि फसवल्या गेलेल्या माणसाच्या हातात निदान एक कागद ठेवला आहे.

तुमच्या अॅपमध्ये त्या बाईच्या हातात काय असेल? "सर्व्हरवर नोंद झाली आहे" एवढेच उत्तर असेल, तर नोंद बरोबर आणि बाई खोटी असा त्याचा अर्थ होतो. कचेरीत रोज ते उत्तर ऐकणारी माणसे मी पाहतो. दाखल्यासाठी ती उद्या पुन्हा येतात. मताला उद्या नसतो. ज्या दिवशी त्या बाईला "थांबा, आधीचे मत रद्द करतो, हे तुमचे" असे तिथल्या तिथे सांगता येईल आणि ते खरे आहे हे समोर बसलेल्या दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना पटेल, त्या दिवशी मी ऑनलाइन मतदानाच्या बाजूने लिहीन. तोवर शाळेचा व्हरांडा, ती रांग आणि बोटावरची शाई मला पुरेशी आधुनिक वाटते.